वाचवलेला पैसा ठेवायचा कुठे?

काटकसर आमच्या घरात कुणी मुद्दाम शिकवली नाही, परिस्थितीनेच अंगवळणी पाडली. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार, माझं ब्लाऊज आणि पिको-फॉलचं काम, आणि घराचा हिशेब सासूबाईंच्या हातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की पूर्ण पगार थांबायचा आणि पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत रिटेन्शन भत्त्यावर भागवावं लागायचं. त्यामुळे चार महिने हातात पैसा असताना उरलेल्या महिन्यांचा विचार करायचा, हीच घराची रीत.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे. तूर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यायची आणि गिरणीत भरडून डाळ करून आणायची. तयार तिखटाचं पाकीट घरात आलं नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची बाजारातून आणून देठ घरी खुडायचे, उन्हात वाळवायची, मसाला भाजायचा आणि डंकावर कांडून आणायचं. विजेच्या मीटरवर सासूबाईंचं बारीक लक्ष असे. शंभर युनिटांच्या पुढे प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट पडतो, हे त्यांनी बिलावरून स्वतः शोधून काढलं होतं. महिनाअखेर आकडा शंभराजवळ आला की इस्त्री बंद.

या सगळ्यातून एकरकमी काही उरत नाही. आज वीस रुपये उरतात, उद्या पन्नास. ते त्याच दिवशी बाजूला पडले तर टिकतात, नाहीतर संध्याकाळच्या भाजीत जातात. म्हणून पतसंस्थेच्या पिग्मीची, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायच्या बचतीची सोय आमच्यासारख्यांना फार मोलाची वाटते. रोज दिवेलागणीला एजंट दारात यायचे, "वहिनी, आज किती?" विचारायचे आणि यंत्रातून पावती काढून द्यायचे. पन्नास रुपये भरायला रोज अर्धा दिवस मोडून बँकेत कोण जाणार? पिग्मीचं वर्ष भरलं की ती रक्कम त्याच पतसंस्थेत मुदत ठेवीत जायची. त्यांची दामदुप्पट योजना होती, सहा वर्षांची.

मग एका दिवाळीच्या तोंडावर "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. सोमवारी गेलं की एकावेळी ठरावीक रक्कमच मिळायची. पुढे तीही थांबली आणि शटर खाली आलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जी ठेव मोडायची होती, ती त्यात अडकली. सकाळपासून दारात बसलेल्या बायका मी पाहिल्या. कुणी शेतमजूर, कुणी धुणीभांडी करणारी, एक निवृत्त अंगणवाडी सेविका. लोकांनी पिग्मी एजंटला घेरलं, तेव्हा तो रडत सांगत होता की त्याच्या आईचे पैसेही आतच आहेत. ते खरं होतं.

आम्ही सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा जे ऐकलं ते प्रत्येक घरात आधीच माहीत असायला हवं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी अशा सर्व बँकांतल्या ठेवींना संरक्षण देतं. या विम्याची मर्यादा 1993 पासून एक लाख रुपये होती. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा पाच लाख झाली. 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत मिळावी अशी तरतूद आहे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदलेली असते आणि सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालते. ती बुडाली की अवसायक नेमला जातो. तो त्याच कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यांवर थकलेल्या कर्जांची वसुली करतो आणि वसूल होईल तसतसे ठेवीदारांना थोडे थोडे पैसे मिळतात. कर्जदार कोर्टात गेला की ते आणखी लांबतं.

सगळ्या पतसंस्था वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्याच भागात अनेक बायकांना पतसंस्थेच्या कर्जावर शिलाई मशीन आणि म्हैस घेता आली, जिथे बँकेने दारात उभं केलं नव्हतं. पण कर्ज घेण्याची जागा आणि आयुष्याची शिल्लक ठेवण्याची जागा एकच असायला हवी असं नाही.

व्याजाचा हिशेब प्रत्येकीने स्वतः मांडावा. सहा वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला 12 टक्क्यांहून जास्त. ठेवीवर एवढं द्यायचं, पगार, भाडं आणि एजंटचं कमिशनही काढायचं, तर संस्थेला कर्ज त्याहून बऱ्याच चढ्या दराने द्यावं लागतं. इतक्या महाग दराने कोण कर्ज घेतो? बहुतेक वेळा ज्याला बँकेने नाकारलंय तो. जादा व्याजाची जोखीम शेवटी आपल्याच पैशावर येते.

रोजच्या बचतीसाठी पिग्मीला पर्याय आहे. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिन्याला शंभर रुपयांपासून उघडता येतं, मुदत पाच वर्षांची. त्यामागे केंद्र सरकारची हमी असते. व्याजदर दर तिमाहीला ठरतो. 6.7 टक्के दर धरला आणि महिन्याला हजार रुपये भरले, तर भरलेल्या 60 हजारांचे पाच वर्षांनी साधारण 71 हजार होतात. दारात येऊन हप्ता नेणाऱ्या व्यक्तीची सवय असेल, तर पोस्टाच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या एजंट बायका हेच काम करतात. मात्र त्यांच्या कार्डावर सही झाली म्हणजे झालं, असं समजू नका. पोस्टाच्या पासबुकात नोंद आली का, ते दर महिन्याला स्वतः बघा. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो. एका वर्षाचे हप्ते भरले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे अडीनडीला सावकाराचं तोंड बघावं लागत नाही. आमच्या घरात आता रोजची चिल्लर डब्यात पडते आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात जाते. डब्याची किल्ली सासूबाईंकडे असते, कारण माझा हात सणासुदीला सैल होतो हे त्यांना पक्कं माहीत आहे.

बँकेतही एकाच नावावर एकाच बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या आतच रक्कम राहू द्या. शाखा वेगळ्या असल्या तरी विम्यासाठी बँक एकच धरली जाते. वारसाचं नाव लावलंय का, ते पावती काढून आजच तपासा. घरातल्या वृद्धांच्या ठेवी कुठे आहेत, हे त्यांच्या शेजारी बसून एका वहीत लिहून घ्या. सासूबाईंच्या दोन पावत्या गव्हाच्या कोठीत निघाल्या होत्या.

आणि ज्यांचा पैसा आजही पतसंस्थेत आहे, त्यांनी घाबरून एकदम धावू नये, पण गप्पही बसू नये. लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क की ड वर्ग मिळाला आहे, ते विचारा. ताळेबंद मागा आणि थकबाकीचा आकडा बघा. संस्था बहुराज्यीय असेल तर तिचा निबंधक दिल्लीला असतो, तालुक्याला नव्हे, हेही जाणून घ्या. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा व्हायला हवी. आमच्याकडे त्या सभेला पुरुष जायचे, चहा-भडंग घेऊन हात वर करून यायचे. पैसा साठवणाऱ्या बायका त्या सभागृहात नसायच्या. यंदा नोटीस आली की तुम्ही स्वतः सभासद असाल तर चारजणी मिळून जा, पुढच्या रांगेत बसा आणि थकबाकी किती हे उभं राहून विचारा.