टर्बो मोटारींतील अस्थिर दाब व त्याचें निदान

यंत्र बिघडलें असतां त्यांतील सर्वांत महाग भाग प्रथम बदलावा, असा आपल्या लोकांत एक विलक्षण समज आहे. टर्बो बसविलेली मोटार चढावर नीट ओढीनाशी झाली, किंवा तिच्या दाबाचा कांटा एकसारखा वरखालीं होऊं लागला, कीं ‘टर्बो गेला’ असा निकाल गॅरेजांत चटकन् दिला जातो. मालक सहस्रावधि रुपये मोजतो, आणि नवा टर्बो चढविल्यावरही कांटा पूर्ववत् हेलकावे खातो. कारण दोष असतो वीतभर लांबीच्या एखाद्या रबरी नळींत. हें द्रव्य वायां कां जातें, आणि कोणत्या क्रमानें शोध केला असतां खरें कारण हातीं लागतें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत वायूच्या दाबाचा पाठ घेतलाच आहे. तेवढ्या ज्ञानावर हा विषय समजण्याजोगा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. इंजिनांत जितकी हवा अधिक जाईल तितकें इंधन अधिक जळूं शकतें व तितकी शक्ति अधिक मिळते. साध्या इंजिनास वातावरणाच्या दाबानें आंत येईल तेवढ्याच हवेवर भागवावें लागतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरांत बरीच शक्ति असते, ती मात्र फुकट जाते. या शक्तीनें एक चाक फिरवावें व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकानें हवा दाबून इंजिनांत भरावी, या योजनेचें पेटंट आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनियरानें इ. स. १९०५ मध्यें घेतलें. विक्रीच्या खासगी मोटारींत ती योजना इ. स. १९६२ मध्यें अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून प्रथम आली. मोटारींतील हीं चाकें तळहातावर मावतील एवढींच असतात. पण पूर्ण जोरांत असतां तीं मिनिटास एक लक्षाहून अधिक फेरे घेतात.

येथेंच एक अडचण उत्पन्न होते. हवा अधिक गेली कीं धूर अधिक निघतो; धूर अधिक निघाला कीं चाक अधिक वेगानें फिरतें; आणि चाकाचा वेग वाढला कीं हवा आणखी अधिक जाते. या चक्रास आळा न घातला तर इंजिनाचा नाश ठरलेलाच. म्हणून धुराच्या मार्गांत ‘वेस्टगेट’ नांवाची झडप ठेवितात. ती उघडली म्हणजे कांहीं धूर चाकास वगळून परभारें सायलेन्सरकडे जातो. या झडपेची दांडी ‘अ‍ॅक्च्युएटर’ नामक डबीस जोडलेली असते. डबींत एक पडदा व एक स्प्रिंग असते. टर्बोनें दाबलेली हवा बारीक नळीनें या पडद्यावर येते, स्प्रिंगेवर मात करिते आणि झडप उघडते.

उदाहरणादाखल स्कोडा ऑक्टेव्हिया आर. एस. ही मोटार घेऊं. इ. स. २००१ पासून ऑक्टेव्हिया मोटारींची जुळणी औरंगाबादेजवळ (आजचें छत्रपति संभाजीनगर) होऊं लागली होती, त्यांपैकींच १.८ लिटरचें टर्बो पेट्रोल इंजिन व १५० अश्वशक्ति असलेला हा प्रकार इ. स. २००४ मध्यें भारतांत आला. या इंजिनांत डबीकडे जाणाऱ्या नळीच्या वाटेवर एक विजेची झडप आहे. कारागीर तिला ‘एन ७५’ म्हणतात. ती स्वस्थ असतां टर्बोचा सर्व दाब डबीकडे जातो. इंजिनावरील संगणकानें तिला वीज दिली म्हणजे त्यांतील कांहीं दाब ती परत हवेच्या प्रवेशनळींत सोडून देते. डबीस दाब कमी पोंचतो, वेस्टगेट मिटलेलें राहतें आणि इंजिनाकडील दाब चढतो. संगणक ही वीज सेकंदास अनेक वेळां देतो व तोडतो, आणि त्या प्रमाणावरून दाब हवा तेथें राखतो.

याप्रमाणें येथें दोन नियामक आहेत. स्प्रिंग व वेस्टगेट हा यांत्रिक नियामक. विजेची झडप, दाबाचा सेन्सर व संगणक हा दुसरा. कोणत्याही नियामकास दोष कळण्यास व तो सुधारण्यास कांहीं काळ लागतो. ही सुधारणा उशीरा किंवा हिसक्यानें झाली तर दाब इष्ट बिंदूच्या पलीकडे जातो. मग उलट सुधारणा होते व तीही मर्यादा ओलांडते. सुधारणा करणारी योजनाच कोणत्या स्थितींत आंदोलनें वाढवीत नेते, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें इ. स. १८६८ मध्यें वाफेच्या इंजिनांसारख्या यंत्रांच्या नियामकांवरील निबंधांत गणितानें दाखविलें. टर्बोचा हेलकावणारा कांटा हें त्याच तत्त्वाचें प्रत्यंतर होय.

आतां निदानाकडे वळूं. शोधास आरंभ करण्यापूर्वीं दाबाचें वर्तन नीट न्याहाळावें. तें तीन प्रकारचें असतें: दाब सदैव कमी राहतो, दाब एकाएकीं मर्यादेबाहेर उसळतो व मागून मोटार ढिली पडते, किंवा दाब वरखालीं झोके घेतो. संगणकाच्या नोंदींत पी ०२९९ हा अंक कमी दाबाचा व पी ०२३४ हा अति दाबाचा सूचक आहे. परंतु हे अंक लक्षण सांगतात, कारण सांगत नाहींत. स्कॅनरवर ‘अपेक्षित’ व ‘प्रत्यक्ष’ असे दोन दाब शेजारीं दिसतात, ते मोकळ्या रस्त्यावर ताडून पाहावे. आंकडे वाचण्यास दुसरा मनुष्य बरोबर असावा. चालकानें दृष्टि रस्त्यावरून काढूं नये.

आंकडे वाचतांना एक सावधगिरी पाहिजे. स्कॅनर बहुधा वातावरणासह एकूण दाब दाखवितो. मुंबईस वातावरणाचा दाब सुमारें १०१० मिलीबार असतो. तेथें १५०० हा आंकडा दिसला तर टर्बोनें घातलेली भर ४९० ची झाली. महाबळेश्वरास वातावरणाचा दाब सुमारें ८६० असतो. तेथें त्याच १५०० साठीं टर्बोस ६४० ची भर घालावी लागते. तसेंच इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली असतां सेन्सरनें त्या स्थळींचा वातावरणाचा दाबच दाखविला पाहिजे. तो तसा न दाखवील तर सेन्सरचीच परीक्षा आधीं करावी.

यानंतर पुढील क्रम सोडूं नये.

(१) गळती. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुडे पाहतो, तोच न्याय येथें लावावा. इंजिन बंद असतां टर्बोच्या प्रवेशमुखास बूच बसवून इंजिनाच्या नित्याच्या दाबाहून अधिक नाहीं इतकी हवा आंत सोडावी व सांधे, क्लॅम्प, इंटरकूलर आणि बारीक नळ्या यांवर साबणाचें पाणी शिंपडावें. तेलकट होऊन फुगलेली नळी विश्रांतींत धड दिसते व दाबाखालीं उलते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबूं नये.

(२) डायव्हर्टर व्हॉल्व्ह. चालकानें पाय उचलला असतां दाबलेली हवा मागें फिरविणारी ही झडप होय. हिचा रबरी पडदा फाटला तर हवा सर्वकाळ मागें गळत राहते.

(३) डबी व वेस्टगेट. हातपंपानें डबीस दाब द्यावा. दांडी सावकाश, न अडखळतां सरकली पाहिजे व दाब टिकला पाहिजे. दाब उतरला तर पडदा फाटलेला. दांडी अडून मग हिसक्यानें सुटली तर झडपेचा खिळा काजळीनें वा गंजानें धरलेला. या हिसक्यांतूनच झोके उत्पन्न होतात.

(४) निर्णायक प्रयोग. विजेची झडप वगळून टर्बोची नळी थेट डबीस जोडावी व मोटार चालवून पाहावी. आतां फक्त स्प्रिंगेचें राज्य आहे. म्हणून दाब नेहमींपेक्षां कमी, पण स्थिर मिळाला पाहिजे. तो स्थिर राहिला तर यांत्रिक भाग निर्दोष असून दोष विजेच्या झडपेंत, तिच्या नळ्यांत, तारांत किंवा सेन्सरांत आहे. आतांही झोके कायम राहिले तर दोष वेस्टगेट, डबी किंवा टर्बो यांत आहे. एका नळीच्या अदलाबदलीनें अर्धें क्षेत्र शोधांतून वगळलें जातें! या प्रयोगांत संगणक कमी दाबाची नोंद करील. तो दोष नव्हे, प्रयोगाचा परिणाम समजावा.

(५) एवढें झाल्यावरच टर्बोचा दांडा हातानें हलवून त्याची ढिलाई व पात्यांची झीज तपासावी.

दोन गोष्टी कदापि करूं नयेत. डबीची नळी काढून वा बुजवून मोटार हांकूं नये. तसें केल्यास वेस्टगेट उघडत नाहीं, दाब बेसुमार चढतो, इंधन अवेळीं भडकून ठोके पडूं लागतात आणि दट्ट्या फुटतो. दुसरें, दाब कमी भासतो म्हणून डबीच्या दांडीचा नट आवळूं नये. त्यानें गळती झांकली जाते, पण बुजत नाहीं. उलट गळणारी हवा भरून काढण्यास टर्बो अधिक वेगानें फिरतो व जो भाग चांगला होता तोही झिजतो.

तात्पर्य, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलापूर्वींचें व नंतरचें माप लिहून ठेवावें, आणि जी परीक्षा स्वस्त असून संशयाचें क्षेत्र अधिक तोडते ती आधीं करावी. प्रयोगशाळेंत आपण वहींत निरीक्षणाचा रकाना आधीं व अनुमानाचा मागून आंखतों, त्याचें कारण हेंच आहे. जो विद्यार्थी हा क्रम गॅरेजांतही पाळील, तो मालकाचा पैसा वांचवील, आणि त्यानें दुरुस्त केलेली मोटार त्याच दुखण्यासाठीं परत दारीं येणार नाहीं.