भिंतीवरचा चेहरा

प्रस्तावना
घरातील माणूस जातो. त्याची आठवण मागे उरते. ती जपण्यासाठी प्रत्येक समाजाने काही साधने शोधली. छायाचित्र हे त्यांपैकी अलीकडचे साधन होय. रायपूरमधील मराठी कुटुंबांच्या संदर्भात या साधनाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• छायाचित्रापूर्वीच्या स्मृतिचिन्हांची माहिती सांगू शकाल;
• शोक आणि छायाचित्र यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• जुन्या छायाचित्रांचे जतन कसे करावे, हे सांगू शकाल.

मूळ पाठ
अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि तिच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थायिक झाली. रायपूरमधील अशा घरांत बैठकीच्या खोलीत दिवंगत आजी-आजोबांची हार घातलेली छायाचित्रे आढळतात. मृतांची छायाचित्रे देवघरात ठेवू नयेत, असा संकेत आहे. दक्षिण ही पितरांची दिशा मानली जात असल्याने पुष्कळ घरांत ती दक्षिणेकडच्या भिंतीवर लावतात. पितृपक्षात तिथीच्या दिवशी काच पुसली जाते, हार बदलला जातो आणि समोर पान वाढले जाते. शेजारच्या छत्तीसगढी घरी दशगात्राच्या दिवशीही असेच एक छायाचित्र पाटावर मांडलेले असते. विधींची नावे निराळी असली, तरी पाटावरचा चेहरा दोन्हीकडे सारखाच बोलका असतो.

छायाचित्रण नव्हते तेव्हाही माणसे आठवण जपतच होती. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर वीरगळ उभे राहिले आणि देवघरात पूर्वजांचे टाक पुजले गेले. बस्तरमधील माडिया लोकांनी मृतांसाठी दगडी व लाकडी स्तंभ उभारले. मात्र या चिन्हांत व्यक्तीचा चेहरा नसे. वीरगळावरचा योद्धा कोणत्याही योद्ध्यासारखा दिसतो.

१८३९ मध्ये पॅरिस येथे छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि थोड्याच काळात ती भारतात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. परंतु ही कला प्रथम मोठ्या शहरांपुरती आणि श्रीमंतांपुरतीच राहिली. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात वीर नारायण सिंह यांना मृत्युदंड देण्यात आला. पुतळ्यांत आज दिसणारा त्यांचा चेहरा कलावंतांनी कल्पनेने घडवलेला आहे. उलट ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे संपादक आणि ‘दासबोधा’चे हिंदी अनुवादक माधवराव सप्रे १९२६ मध्ये रायपुरात निवर्तले, त्यांची मुद्रा छायाचित्रामुळे आजही ओळखीची आहे.

सामान्य घरांत मात्र ही सोय उशिरा आली आणि स्त्रियांपर्यंत तर आणखी उशिरा. अनेक पणज्यांचे एकही छायाचित्र नाही. कोणी अचानक गेले की घरातले लोक लग्नातील समूहचित्रे शोधू लागत. स्टुडिओवाला त्यातला चेहरा वेगळा काढून मोठा करून देई. म्हणून भिंतीवरच्या एखाद्या आजीच्या खांद्यावर कुणाचा तरी हात दिसतो. तो हात कोणाचा, हे सांगणारे आता कोणी उरलेले नसते. काही कुटुंबांनी तर मृत्यूनंतरच छायाचित्र काढून घेतले, कारण तेवढी एकच संधी शिल्लक होती.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीने रायपूरला ग्रासले, तेव्हा कित्येकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडले नाही. पार्थिव गुंडाळलेले असे आणि स्मशानात मोजक्याच लोकांना जाता येई. अशा वेळी घरी समई लावून छायाचित्रासमोर हात जोडणे, हाच निरोप ठरला. जे डोळ्यांनी पाहता आले नाही, त्याची उणीव छायाचित्राने पूर्णपणे भरून काढली नाही. पण शोकाला बसण्यासाठी एक जागा दिली.

आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे असतात. तरीही विस्मृतीचा धोका टळलेला नाही. ओलसर भिंतीवर कागदाला बुरशी लागते, उन्हाने रंग उडतात आणि मोबाइल बिघडला तर सारेच नाहीसे होते. म्हणून जुनी छायाचित्रे कोरड्या जागी ठेवावीत, त्यांच्या प्रती काढाव्यात आणि मागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते व वर्ष लिहावे. चेहरा कागद जपतो. तो कोणाचा, हे माणसांनीच जपावे लागते. नाव हरवले की भिंतीवरचा पूर्वजही परका होतो.

शब्दार्थ
दिवंगत – मरण पावलेला
वीरगळ – वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा
टाक – देवाची वा पूर्वजाची प्रतिमा असलेला धातूचा पत्रा
मुद्रा – चेहरा, चेहऱ्यावरील भाव

पाठगत प्रश्न
१. वीरगळ आणि छायाचित्र यांत कोणता मुख्य फरक आहे?
२. आजीच्या खांद्यावरील हात काय सुचवतो?
३. ‘शोकाला बसण्यासाठी एक जागा दिली’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका जुन्या छायाचित्रातील सर्व व्यक्तींची नावे लिहून काढा.