हवेतील ओलावा आणि श्वासमार्ग

जबलपूरला मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी हवेची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर एक लिटर हवेत सुमारे साडेआठ मिलिग्रॅम बाष्प असते. आता जानेवारीतील नर्मदाकाठची धुक्याची पहाट घ्या. १० अंश तापमानाची ती हवा बाष्पाने संपृक्त असली, तरी तिच्यातही लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅमहून अधिक बाष्प मावत नाही. एक हवा अंग भाजते, दुसरी काटा आणते. फुप्फुसांच्या दृष्टीने मात्र दोन्ही जवळजवळ सारख्याच कोरड्या होत.

याचे कारण असे की, फुप्फुसांत खोलवर पोचणारी हवा ३७ अंश उष्ण व पूर्ण संपृक्त असावी लागते आणि अशा हवेत लिटरमागे ४४ मिलिग्रॅम बाष्प असते. उरलेले सुमारे ३५ मिलिग्रॅम श्वासमार्गालाच पुरवावे लागते. माणूस स्वस्थ बसून राहिला तरी दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. म्हणजे हे पाणी ३५० ग्रॅमच्या घरात जाते. यातील बहुतेक काम नाक करते. नाकातील शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांवर रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे ओलसर अस्तर असते. ते आत येणाऱ्या हवेला ऊब व ओल देते आणि उच्छ्वासाच्या वेळी त्यातील काही भाग परत मिळवते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला ही काटकसर साधत नाही.

श्वासनलिकेच्या अस्तरावर पक्ष्माभिका नावाच्या, केसांसारख्या सूक्ष्म वाढी असतात. त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून, धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलतात. त्यांच्याभोवतीचा पातळ द्रव आटला की श्लेष्मा घट्ट होतो, पक्ष्माभिका मंदावतात आणि जंतूंना मुक्कामाला अवधी मिळतो. दम्याच्या रोग्यात कोरड्या हवेने श्वासनलिका आकुंचनही पावतात. गळ्याला छिद्र पाडून ज्याला श्वासासाठी नळी बसवली आहे, त्याच्या बाबतीत तर नाक पूर्णपणे वगळलेच जाते. तेथे हवा ओलावून दिली नाही, तर सुकलेल्या श्लेष्म्याने नळी बंद पडून प्राणावर बेतू शकते.

उन्हाळ्यातील वाळ्याची ताटी किंवा कूलर यांकडे केवळ चैन म्हणून पाहू नये, ते यासाठीच. पावसाळ्यात मात्र कूलर बंद करणेच बरे. हवा आधीच ओली असते. तिच्यात भर पडली की भिंतींवर बुरशी धरते आणि तिच्यामुळेही दमा बळावतो. कूलर चालू असेल त्या दिवसांत त्याच्या टाकीतील पाणी वरचेवर बदलावे व समोरची एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी.