जत्रेची गाडी : माल आणि मुक्कामाचे सामान कसे भरावे?



पावसाळा सरला की जत्रा आणि उरुसांचा हंगाम सुरू होतो. खुलताबादचा उरूस असो, मार्गशीर्षात भरणारी नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा असो, की नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा घोडेबाजार असो; आपले अनेक कापड व्यापारी, चादरवाले, टोपी-अत्तरवाले, बांगडीवाले आणि चप्पल कारागीर तेथे चार-चार, आठ-आठ दिवस पाल ठोकून राहतात. दुकान तेथेच, स्वयंपाक तेथेच आणि झोपणेही तेथेच.

पूर्वी हा माल एस.टी.च्या टपावर किंवा चौघांनी मिळून ठरविलेल्या मेटाडोरमध्ये जात असे. 2005 साली टाटा एस ही छोटी गाडी आली, मोठ्या पिकअप गाड्याही वाढल्या आणि लहान व्यापाऱ्याच्या दारात स्वतःची गाडी उभी राहिली. ही चांगली गोष्ट झाली. पण गाडी भरण्याची तरतीब मात्र बहुतेकांनी शिकून घेतली नाही. जागा दिसेल तेथे गठ्ठा कोंबायचा, वरून ताडपत्री टाकायची आणि दोरी आवळायची, एवढ्यालाच आपण भरणे म्हणतो. त्याची किंमत जत्रेत मोजावी लागते. जागेचे भाडे पहिल्या दिवसापासून लागू होते. पाल उभे राहायला दुपार झाली तर तो अर्धा दिवस गेला. दोन तागे भिजले किंवा गंजाने डागले तर दहा ताग्यांचा नफा त्यात जातो. म्हणून या लेखात गाडी भरण्याचा विचार क्रमाने करू.

पहिली गोष्ट : वजनाचा हिशेब

गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की गाडी किती ओझे उचलू शकते ते कळते. पण या ओझ्यात गाडीत बसणारी माणसे, पालाच्या काठ्या, पाणी, भांडी हे सर्व धरावयाचे असते, हे आपण विसरतो.

कापडाचे वजन काढणे अवघड नाही. 44 इंच म्हणजे सुमारे 1.12 मीटर पन्ह्याचे, चौरस मीटरला 120 ग्रॅमचे सुती कापड घ्या. त्याचा एक मीटर सुमारे 134 ग्रॅम भरतो. 20 मीटरचा तागा सुमारे 2 किलो 700 ग्रॅम होतो. असे 300 तागे म्हणजे 800 किलोच्या थोडे वर. त्यात पाल, पाइप आणि खुंट्यांचे 100 किलो, मुक्कामाचे 60 किलो आणि दोन माणसांचे 140 किलो मिळवा. बेरीज 1,100 किलो होते. पाऊण टनाच्या छोट्या गाडीला हे झेपणार नाही; सव्वा टन किंवा त्यावरच्या पिकअपला झेपेल. सोलापुरी चादरी, सतरंज्या, चामड्याचा माल असेल तर एक गठ्ठा काट्यावर तोलून मग गुणाकार करावा. अंदाजाने चालू नये.

ज्यादा ओझ्याने स्प्रिंगपाटे बसतात, टायर तापतात आणि ब्रेक उशिरा लागतो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ज्यादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये दंड सांगितला आहे. ज्यादा माल रस्त्यात उतरविण्याचा खर्चही गाडीवाल्याकडेच येतो. माल हौद्याच्या बाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरीही 20,000 रुपयांचा दंड कायद्यात आहे. एका जत्रेची कमाई अशी जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट : वजन कोठे ठेवावे

हौद्याचे मनातल्या मनात तीन भाग करा. केबिनला लागलेला पुढचा भाग, मागच्या चाकांवरचा मधला भाग आणि फाळक्याकडचा शेवटचा भाग. सर्वांत जड माल तळाला आणि मागच्या चाकांच्या पुढे, केबिनच्या बाजूला असावा. जड माल फाळक्याकडे ठेवला तर तो गाडीची मागची बाजू दाबतो आणि पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते. मग स्टिअरिंग हलके वाटू लागते आणि घाटाच्या वळणावर गाडी हाताबाहेर जाण्याची भीती राहते.

डाव्या-उजव्या बाजूंचे वजन सारखे असावे. एका बाजूला तागे आणि दुसऱ्या बाजूला तयार कपडे असे केले तर गाडी एकीकडे झुकते. जड गठ्ठे हौद्याच्या भिंतीपेक्षा उंच जाऊ देऊ नयेत. वर फक्त हलका माल ठेवावा : तयार कपडे, टोप्या, गाद्या-उशा.

गठ्ठा 25 किलोपेक्षा मोठा बांधू नये. एवढा गठ्ठा एक माणूस उचलू शकतो. 50 किलोच्या गठ्ठ्याला दोन माणसे लागतात आणि जत्रेच्या गर्दीत दुसरा माणूस वेळेवर मिळत नाही.

तिसरी गोष्ट : उलटा क्रम

जत्रेत जे पहिल्यांदा लागते ते गाडीत सर्वांत शेवटी भरावे. हा नियम सर्वांना माहीत आहे, पाळतात थोडे. पोहोचल्यावर क्रम असा असतो : प्रथम जागा साफ करण्याचा झाडू आणि फावडे, मग खुंट्या आणि हातोडा, मग काठ्या आणि पालाची ताडपत्री, मग खाली अंथरायची सतरंजी, मग मांडणीच्या फळ्या आणि त्यानंतर माल. गाडी भरताना बरोबर याच्या उलट जावे. आधी शिलकीचा माल, म्हणजे जो तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागेल तो पुढे केबिनकडे. त्यानंतर पहिल्या दिवशीचा माल. त्यानंतर फळ्या आणि सतरंजी. फाळक्याजवळ पाल आणि अवजारे.

काठ्यांचा प्रश्न वेगळा आहे. दहा फुटी पाइप बहुतेक पिकअपच्या हौद्यात सरळ बसत नाही. तो तिरपा ठेवला की बाकी सर्व मांडणी बिघडते, आणि बाहेर काढला की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला धोका होतो. यावर उपाय सोपा. पाइपाचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करून मध्ये बसणारी नळी वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी. हे तुकडे हौद्याच्या दोन्ही कडांना, जाड कापडी पिशवीत बांधून, आडवे ठेवावेत. वजनही दोन्हीकडे सारखे वाटले जाते.

चौथी गोष्ट : कापडाचे शत्रू

पाणी, गंज, तेल आणि धूर हे चार शत्रू. हौद्याचा पत्रा रात्री थंड होतो आणि त्यावर दव धरते. म्हणून माल थेट पत्र्यावर ठेवू नये. दोन-अडीच इंच उंचीच्या लाकडी पट्ट्यांची जाळी तळाला टाकावी. खालून हवा खेळते आणि चुकून आत आलेले पाणी मागच्या बाजूने निघून जाते.

प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडविते, पण आतील ओलावाही बाहेर जाऊ देत नाही. दोन दिवस बंद राहिलेल्या कापडाला कुबट वास येतो आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते ठिपके धुतले तरी सहसा जात नाहीत. म्हणून प्रवासात ताडपत्री घट्ट असावी, पण मुक्कामाला पोहोचल्यावर कोरड्या दुपारी ती तासभर उघडावी.

लोखंडी पाइप, खुंट्या, तराजू यांना कापडाचा स्पर्श होऊ देऊ नये. ओलसर लोखंड पांढऱ्या कापडाला एका रात्रीत पिवळा-तांबडा डाग देते आणि असे कापड मग चिंधीच्या भावाने जाते. पक्का नसलेला रंगीत माल पांढऱ्या मालापासून वेगळा बांधावा.

पाचवी गोष्ट : मुक्कामाची पेटी

मुक्कामाचे सामान मालात मिसळू नये. त्यासाठी दोन पेट्या ठेवाव्यात. एकीत भांडी, तवा, डबे, मीठ-मिरची. दुसरीत बॅटरीचा दिवा, औषधे, सुई-दोरा, पाना, पक्कड, जादा दोरी. या पेट्या वर्षभर भरलेल्या असाव्यात. परत आल्यावर संपलेली वस्तू लगेच भरावी. अंथरूण वेगळ्या पोत्यात बांधावे.

पाणी एक लिटरला एक किलो भरते. 20 लिटरचे दोन कॅन म्हणजे 40 किलो. ते फाळक्याच्या कडेला, मालापासून दूर, उभे बांधावेत. गॅसची लहान टाकी नेणार असाल तर ती उभी, हवा लागेल अशी, झडप बंद करून आणि शेगडीपासून सोडवून ठेवावी. रॉकेल आणि पेट्रोल कापडाबरोबर नेऊच नये. पालात चूल किंवा शेगडी मालाजवळ पेटवू नये. कापडाला लागलेली आग शेजारच्या दहा पालांना घेऊन जाते.

सहावी गोष्ट : बांधणे आणि नोंद

दोरी फक्त वरून टाकून भागत नाही. आधी आडवी, मग तिरपी, अशी फुलीसारखी बांधावी आणि हौद्याच्या कड्यांतून घ्यावी. धारेवर दोरी घासत असेल तेथे बारदानाचा तुकडा घालावा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोरी पुन्हा आवळावी, कारण तोपर्यंत माल खाली बसलेला असतो.

प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक लिहावा. वहीत क्रमांक, मालाचा प्रकार, नग, खरेदीचा भाव आणि गाडीतील जागा (पुढे डावीकडे, मध्ये उजवीकडे अशी) नोंदवावी. गिऱ्हाईक विशिष्ट रंग मागते तेव्हा सर्व गठ्ठे सोडण्याऐवजी एकच गठ्ठा सोडता येतो. परतताना ह्याच वहीवरून विक्री आणि शिल्लक जुळते. भागीदारात किंवा उधारीने माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याशी वाद उरत नाही. गाडीची कागदपत्रे आणि मालाची बिले केबिनमध्ये एका पिशवीत असावीत. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरचा माल नेताना ई-वे बिल लागते, तेही त्याच पिशवीत ठेवावे.

हे सर्व प्रथम करताना दीड-दोन तास जास्त लागतील. पहिल्या खेपेला घरच्या अंगणात, रिकाम्या दिवशी, गाडी एकदा भरून आणि उतरवून पाहावी. कोणती वस्तू अडते, कोणती दोरी कमी पडते ते तेथेच कळते. नोकर किंवा मुलगा बरोबर येत असेल तर त्याच्याकडूनच भरून घ्यावी, म्हणजे आपण आजारी पडलो तरी जत्रा चुकत नाही. येत्या हंगामाला निघण्यापूर्वी बंधूंनी एवढे करून पाहावे.