ऑपरेशननंतर दहा वर्षांनी पुन्हा पीएसए

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरमधला साधा इंजिनिअर आहे. पण गेल्या काही वर्षांत एका रक्ततपासणीविषयी मला इतकं वाचावं लागलं, की कार्यकारिणीने "तूच लिही" असा आग्रह धरला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वडील, सासरे, काका साठीच्या पुढे आहेत. म्हणून हा छोटासा अभ्यास.

माझ्या बाबांचं प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन २०१२ साली पुण्यात झालं. ग्रंथी पूर्ण काढली. पहिली काही वर्षं तपासणी वेळेवर झाली, पुढे "आता सुटलो" म्हणून ढिलाई आली, मग कोविडमध्ये राहूनच गेली. २०२२ च्या मार्चमध्ये आई-बाबा इकडे अमेरिकेत आले, तेव्हा पैसे भरून तपासणी करून घेतली. आकडा आला ०.१३. पुण्याचे जुने सगळे रिपोर्ट "०.१ पेक्षा कमी" असे होते. मी त्याच रात्री एक्सेल उघडून ग्राफ काढायला बसलो. एका बिंदूवरून ग्राफ! आईने मागून पाहिलं आणि ती रात्रभर झोपली नाही. इथूनच माझं शिक्षण सुरू झालं.

हा आकडा काय सांगतो?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात असं एक प्रथिन आहे. पेशी निरोगी असो वा कॅन्सरची, दोन्ही ते तयार करतात. ग्रंथीच काढून टाकल्यावर ते रक्तात जवळजवळ सापडायलाच नको. सापडून वाढू लागलं, तर कुठेतरी थोड्या पेशी शिल्लक आहेत असं समजतात. त्या बहुधा ऑपरेशनच्या आधीच बाहेर पडलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात. म्हणजे सर्जनने काही चूक केली, असा त्याचा अर्थ होत नाही.

ऑपरेशननंतर पीएसए ०.२ किंवा त्याहून जास्त आला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच ठरला, की त्याला साधारणपणे आजार परतला असं म्हणतात. ऑपरेशन न झालेल्या माणसाचा "४ पर्यंत चालतं" हा हिशोब इथे लागू नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांना लॅबच्या कागदावर "नॉर्मल" छापलेलं पाहून वर्षभर कोणी काही सांगितलंच नाही. लॅबचा कॉम्प्युटर ऑपरेशन झालंय की नाही हे जाणत नाही!

दोन देश, दोन लॅब

ही आपल्यासारख्यांची खास अडचण. आई-बाबा सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. वेगवेगळ्या लॅबची यंत्रं वेगळी, त्यामुळे छोट्या आकड्यांत फरक पडतो. शिवाय "०.१ पेक्षा कमी" म्हणजे शून्य नव्हे. ते यंत्र त्याखालचं मोजत नाही, एवढंच. बाबांचा ०.१३ एका दिवसात उगवला की चार वर्षांत, हे त्या कागदांवरून कळणं शक्यच नव्हतं. म्हणून शक्यतो एकच लॅब धरा, सगळे आकडे एका वहीत तारखेसह लिहा आणि एका रिपोर्टवर कुठलाही निर्णय घेऊ नका.

वेग महत्त्वाचा

आकडा दुप्पट व्हायला किती महिने लागतात, हे डॉक्टर पाहतात. बाबांचं असं झालं:

जून २०२२ – ०.१३
डिसेंबर २०२२ – ०.१८
जून २०२३ – ०.२६

म्हणजे दुप्पट व्हायला बारा महिने. हेच तीन महिन्यांत झालं असतं, तर गोष्ट जास्त गंभीर. वेगाबरोबर मूळ ग्लीसन स्कोअर आणि ऑपरेशननंतर किती वर्षांनी आकडा वाढला, हेही बघतात. उशिरा आणि सावकाश वाढणं हे त्यातल्या त्यात बरं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास मला फार उपयोगी पडला. पीएसए पुन्हा वाढलेल्या, पण लगेच हार्मोनचे उपचार न घेतलेल्या ३०४ पुरुषांवर त्यांनी लक्ष ठेवलं. त्या काळात साधारण एक तृतीयांश लोकांतच आजार स्कॅनमध्ये दिसण्याइतका पसरला, आणि पीएसए वाढल्यापासून पसरेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा होता. हे वाचून त्या रात्री मी आईला उठवून सांगितलं, "अगं, हे आजच्या आजचं संकट नाहीये."

म्हणून थांबायचं का?

नाही! इथेच दुसरी चूक होते. आकडा लहान असतानाच उपचाराचा जास्त फायदा होतो. प्रोस्टेट होती त्या जागेला रेडिएशन देतात. आपल्याकडे त्याला शेक देणं किंवा लाइट देणं म्हणतात. ते पीएसए साधारण ०.५ च्या वर जाण्याआधी द्यावं, असा आज डॉक्टरांचा कल आहे. दुसरीकडे, २०२० साली 'रॅडिकल्स' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना शेक देण्यापेक्षा, लक्ष ठेवून आकडा वाढू लागताच देणं पुरेसं ठरतं, असं त्यात दिसलं. थोडक्यात, घाईही नको आणि झोपही नको.

पीएसएमए पेट हा नवा स्कॅन अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रथम मंजूर झाला. जुन्या स्कॅनपेक्षा तो खूप बारीक बघतो. पण पीएसए कमी असेल तर त्यातही पुष्कळदा काही दिसत नाही. बाबांच्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. याचा अर्थ "काही नाही" असा नसतो, हे पचवायला आम्हाला वेळ लागला.

व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला सहसा पैसे देत नाही. म्हणून उपचार पुण्यातच घेतले: ३३ वेळा शेक, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे. थकवा आला, लघवीला सारखं जावं लागायचं, पोट बिघडायचं. हळूहळू कमी झालं. काही जणांना सोबत हार्मोनची इंजेक्शनं देतात. त्याने अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, मन उदास होतं. त्यासाठी रोज चालणं आणि थोडा वजनांचा व्यायाम आवश्यक. लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक संबंध यांविषयी आपली मंडळी लाजून डॉक्टरांना विचारत नाहीत. विचारा. त्यावरही उपाय असतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. आकडा दुप्पट व्हायला किती महिने लागतायत?
२. मूळ ग्लीसन स्कोअर किती होता, कडेला कॅन्सर उरला होता का?
३. आत्ता स्कॅन केला तर निर्णय बदलेल का?
४. शेक कुठल्या आकड्याला सुरू करायचा?
५. हार्मोन लागेल का, किती महिने?
६. काहीच केलं नाही तर काय होईल?

शेवटचा प्रश्न बाबांनीच विचारला, आणि तोच सगळ्यात उपयोगी ठरला. वय ८५ आणि हृदयविकार असेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

घरातलं

रिपोर्ट येण्याआधीचा आठवडा सगळ्यात वाईट जातो. आमच्याकडे आता नियम आहे: तपासणीची तारीख सगळ्यांना माहीत असते, रिपोर्ट बाबाच उघडतात, आणि मी रोज फोन करून "आला का?" विचारत नाही. बाबा एकदा म्हणाले, "अरे, मला आजाराची भीती कमी वाटते, तुझ्या एक्सेलची जास्त वाटते." तेव्हापासून ती फाइल मी एकट्यानेच उघडतो.

२०२४ पासून बाबांचा आकडा पुन्हा "०.१ पेक्षा कमी" आहे. तपासणी चालूच राहणार. बरं झालं असं आम्ही म्हणत नाही, ठीक चाललंय म्हणतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. शेक घेताना बाबांच्या शेजारी तालुक्याच्या गावाहून आलेले एक गृहस्थ बसायचे. साडेसहा आठवडे पुण्यात राहायचं कुठे, हाच त्यांचा मोठा प्रश्न होता. उपचारापेक्षा खोलीभाडं आणि एसटीचा खर्च त्यांना जड जात होता. यंदाचा आपला निधी कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे, हे कळलं तेव्हा मला प्रथम तेच आठवले. पावती फाडताना तुम्हालाही आठवावेत, आणि घरी गेल्यावर बाबांना एक फोन करून विचारावं: "शेवटचा पीएसए कधी केला होता?"