मेलेला वीर देव होतो तेव्हा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली आला. यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. कधी एखादा आवडता वीर लढता लढता मरतो. मग त्याला देव केलं तर?

या खेळातल्या 'फरगॉटन रेल्म्स' नावाच्या जगात केलेम्वोर हा योद्धा होता. सिरिकने त्याला ठार मारलं. सिरिक मृतांचा देव झाला, पण पुढे ती जागा केलेम्वोरलाच मिळाली!

केलेम्वोर मनाने चांगला. मेलेल्या शूर, दयाळू लोकांना तो सुखात ठेवायचा. पण झालं भलतंच. चांगली माणसं मरणाला घाबरेनाशी झाली आणि उगाच जीव धोक्यात घालू लागली. शेवटी त्याला कळलं, की न्याय करताना आपला-परका बघून चालत नाही. त्याचं चिन्ह बघा : हाडांच्या हातात समतोल तराजू.

तुम्ही वीराला देव करणार असाल, तर तीन गोष्टी ठरवा. तो कशाचा देव? त्याचं चिन्ह कोणतं? आणि त्याला काय करता येत नाही? तिसरी गोष्ट विसरू नका. देवच सगळं करू लागला, तर खेळाडूंनी काय करायचं?

शब्दार्थ
मृत – मेलेला
भलतंच – नको ते, वेगळंच
समतोल – दोन्ही बाजू सारख्या असलेला

लिहा
१. चांगली माणसं मरणाला का घाबरेनाशी झाली?
२. तुमचा देव कोणतं मागणं नाकारेल? का? तीन वाक्यांत सांगा.