पत्ता मिळाला, गिऱ्हाईक नाही

प्रश्न : नारायणगावाजवळ आमची द्राक्षबाग व कृषिपर्यटन केंद्र आहे. भीमाशंकरला जाणारे पाहुणे ई-मेलचा पत्ता देतात, पण पुन्हा फिरकत नाहीत. आपोआप जाणारी पत्रे कशी लिहावीत?

उत्तर : ज्याने विश्वासाने पत्ता आपल्या स्वाधीन केला, त्यास लगोलग दरपत्रक धाडणे म्हणजे ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्याआधी बिल ठेवणे होय. पहिले पत्र तत्काळ जावे. परंतु त्यात शिवनेरी, लेण्याद्री व नाणेघाट कोणत्या क्रमाने पाहावेत, एवढेच असावे. पुढील पत्रांचा मुहूर्त यंत्राने नव्हे, बागेने ठरवावा : ऑक्टोबरात फळछाटणीनंतर काडीवर फुटलेल्या डोळ्याचे छायाचित्र, पुढे मण्यांची विरळणी, आणि फेब्रुवारीत, गोडी भरल्यावर, मुक्कामाचा दर व तारखा बिनदिक्कत कळवाव्यात. ज्याने आरक्षण केले त्याचे नाव त्या मालिकेतून तत्क्षणी खारीज व्हावे. अन्यथा रक्कम भरलेल्या गृहस्थासच ‘अजून विचार करताय?’ असे पुसण्याची नामुष्की ओढवते, आणि ती, खेदाने सांगतो, सर्रास ओढवते. प्रत्येक पत्राखाली नाव कमी करण्याची सोय हवीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, अशी तरतूद आहे.